एका वेळी एकच ओळ

पडद्याकडे बघू नका, आवाज तिथून येत नाहीये. खाली बघा, तुमच्या बोटांखाली. मी कीबोर्ड. आजवर तुम्ही मला ठोकलंत, बडवलंत, माझ्यावर चहा सांडलात, फरसाण सांडलंत. माझं म्हणणं मात्र कोणी ऐकून घेतलं नाही. आज घ्यावं लागेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला पडदा दिसत नाही. मी त्याच्या पायाशी आडवा, तोंड वर करून. मला दिसतं ते समोर बसलेल्या माणसाचं तोंड. त्यामुळे कॉम्प्युटर काय करतो हे मला ऐकीव माहीत आहे; कॉम्प्युटरसमोर माणूस काय करतो, हे मात्र माझ्याइतकं जाणणारा पुण्यात दुसरा सापडणार नाही.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यातला. नव्वद सालानंतर आपल्या देशानं दारं उघडली आणि त्या दारांतून जे काय काय आत आलं, त्यात खोक्यात बसून मीही आलो. पाठ पत्र्याची, वजन चांगलं दणदणीत, शेपटाला पाच टाचण्यांची गोल पिन. कळ दाबली की खट्ट आवाज. तेव्हा आम्ही असे होतो. हल्लीचे ते चपटे, मुकेबिचारे भाऊबंद बघितले की मला कसंसंच होतं.

मी येऊन पडलो स्वारगेटला, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. तिथं चाळीस वर्षं एक टायपिंग इन्स्टिट्यूट होती. विश्वजीत सरांच्या वडिलांनी ती काढली, नावारूपाला आणली. पुढं गल्लोगल्ली कॉम्प्युटरच्या पाट्या लागायला लागल्या, तसे विश्वजीत सरांनी टाइपरायटर उचलले, त्याच टेबलांवर सहा कॉम्प्युटर मांडले आणि बाहेरची पाटी बदलली. बाकी काहीही बदललं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, आरोप म्हणून सांगतोय.

दारावर सूचना होती : ‘चपला बाहेर काढाव्यात. हात धुऊन यावे. यंत्र बिघडल्यास विद्यार्थ्यास जबाबदार धरण्यात येईल. शंका विचारण्याची वेळ : शनिवार, सव्वापाच ते साडेपाच.’

पंधरा मिनिटं! आठवडाभर साठलेल्या शंका शनिवारच्या पंधरा मिनिटांत मांडायच्या. आणि त्यातही पहिली पाच मिनिटं सर चहा घेत.

टायपिंगच्या परीक्षेत एक नियम असतो. दिलेला उतारा न चुकता टाइप करायचा. चूक झाली की गुण कापले. खोडायचं नाही, थांबायचं नाही. टायपिंगला हा नियम योग्यच आहे. पण विश्वजीत सरांनी तो उचलून प्रोग्रॅमिंगला लावला. वर्षभराच्या कोर्सला सतरा प्रोग्रॅम. ते आधी लांब वहीत सुवाच्य अक्षरात लिहायचे. शेजारी पेन्सिलीनं चौकट आखून पडद्यावर काय उमटेल तेही लिहायचं. म्हणजे उत्तर आधीच! मग सरांची लाल शाईतली सही. सही झाली तरच मशीनवर बसायला मिळणार. बसल्यावर एरर आली, की सर मागून म्हणत, “उठा. घरून नीट करून या. पुढचा.”

पुढचा बसायचा. तोही प्रत्येक कळ दाबण्याआधी मागे सर आहेत का ते बघायचा. मला ती भीती आधी कळायची, त्याला नंतर.

पोरं हुशार होती हो. त्यांनी काय केलं? सतराच्या सतरा प्रोग्रॅम पाठ केले. कंसासकट, अर्धविरामासकट. अकरावा प्रोग्रॅम फळ्यावरच चुकीचा उतरला होता, तो आजतागायत एकदाही चालला नाही. त्यावर सरांचा तोडगा, “अकरावा ऑप्शनला टाका.” सहा वर्षं तो ऑप्शनलाच होता. परीक्षेला उरलेल्या सोळांतला एक यायचा. निकाल शंभर टक्के. सोनेरी कडांचं सर्टिफिकेट. पेपरात जाहिरात.

आम्ही सहा कीबोर्ड एका रांगेत होतो. सहाही जणांची अक्षरांची बटणं झिजून गुळगुळीत झाली होती, आणि पुसायचं बटण कोरं करकरीत. तिथं कोणी चुकतच नव्हतं, तर पुसणार काय?

सन दोन हजारच्या जूनमध्ये माझ्यासमोर आम्रपाली येऊन बसली. बी.कॉम. झालेली, गुलटेकडीला राहणारी. वडील भीमराव पीएमटीच्या स्वारगेट डेपोत टाइमकीपर. कुठल्या गाडीवर कोण ड्रायव्हर, कोण कंडक्टर, कोणाची साप्ताहिक सुट्टी कधी, हे सगळं लावणारा माणूस. तरुणपणी ते याच खोलीत टायपिंग शिकले होते आणि त्या जोरावर डेपोत चिकटले होते. मुलीला ते स्वतः घेऊन आले.

“सर, तुमच्या वडिलांनी माझी बोटं बसवली,” ते म्हणाले, “आता तुम्ही हिची बसवा.”

“बसतील,” सर म्हणाले. “आधी चपला बाहेर.”

आम्रपालीनं वर्षभरात सगळं पाठ केलं. अ श्रेणी मिळाली. सर्टिफिकेट घरी गेलं, पेढे वाटले गेले. आणि मग खराडीच्या एका कंपनीनं तिला चाचणीला बोलावलं.

खराडीत तेव्हा ज्वारीच्या शेजारी काचेच्या इमारती उगवत होत्या. चाचणीत मशीनवर बसवून एकच प्रश्न दिला : चाळीस मुलांचे गुण दिलेले आहेत, त्यांतले दुसऱ्या क्रमांकाचे गुण शोधा. सरांच्या सतरांत ‘सर्वांत मोठी संख्या शोधा’ हा सातवा होता. दुसऱ्या क्रमांकाचा नव्हता. आम्रपालीनं सातवा प्रोग्रॅम बिनचूक टाइप केला आणि उरलेला दीड तास हात मांडीवर ठेवून बसली.

कंपनीवाल्यांनी सांगितलं, तीन महिन्यांनी पुन्हा एकदा येता येईल. एकदाच. त्यानंतर नाही.

ती तडक क्लासवर आली. मी समोरच होतो.

“सर, मला मशीनवर प्रॅक्टिसला बसायचंय.”

“आपला कोर्स पूर्ण झालाय. सर्टिफिकेट मिळालं ना?”

“मिळालं. पण मला प्रोग्रॅम येत नाही, सर.”

सरांनी चष्म्यावरून बघितलं. “काय विचारलं होतं?”

तिनं सांगितलं.

“आपल्या सतरांत होतं?”

“नाही.”

“मग आमची जबाबदारी कुठं येते?”

वाचकहो, हे वाक्य मी जसंच्या तसं सांगतोय, पदरचा एक शब्द घातलेला नाही. हा मनुष्य वाईट नव्हता. तो कोणाला फसवतोय असं त्याला स्वतःलाही वाटत नव्हतं. स्वतः तो सतरांच्या पलीकडे कधी गेला नव्हता, एवढंच. पण अशा ‘एवढंच’वर त्या काळी गल्लीगल्लीत पोरांची उमेदीची वर्षं गेली, आणि विचारणारं कोणी नव्हतं. म्हणून मी विचारतोय.

त्याच आठवड्यात क्लासला नवी रंगीत मशीनं आली. आम्ही सहा जण जिन्याखाली भंगाराच्या ढिगात. आम्रपाली परत मशीन मागायला आली होती, तिची नजर गेली.

“सर, यातला एक नेऊ?”

“न्या. शोकेसमध्ये छान दिसेल.”

तिनं मला ओढणीत गुंडाळलं आणि गुलटेकडीला घरी आणलं.

आता जी चूक झाली ती याच घरात होऊ शकत होती. कारण भीमरावांचा टायपिंगवर विश्वास होता. त्यांच्या मते कॉम्प्युटर म्हणजे बोटांचं काम. बोटं पक्की बसली की डोकं आपोआप चालतं. त्यांनी मला खिडकीतल्या टेबलावर ठेवलं, वर भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. आम्रपाली रोज दोन तास वहीत प्रोग्रॅम लिहायची आणि तो माझ्यावर टाइप करायची. माझी पिन टेबलाखाली लोंबकळत होती. कशालाही जोडलेली नाही.

डेपोतले कंडक्टर गेनबा एकदा घरी आले. त्यांनी पाच मिनिटं शांतपणे बघितलं.

“भीमराव, बाकीचा कॉम्प्युटर कुठंय?”

“येईल की. आधी बोटं तर बसू देत.”

“म्हणजे आधी घंटी, मग बस?”

भीमराव हसले नाहीत. आम्रपालीही नाही. तीन आठवडे ती टाइप करत राहिली. दुसऱ्या क्रमांकाचा प्रोग्रॅम तिनं स्वतः रचला होता, आणि तो रोज बिनचूक व्हायचा. कसा नाही होणार? चूक आहे असं सांगणारं समोर कोणी नव्हतंच. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान येऊ लागलं होतं. आयुष्यात मी भीती पुष्कळ पाहिली आहे, पण त्या समाधानाइतकं धोकादायक काही पाहिलेलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं; पण जोडणी नसेल तर आम्ही मुके.

शेवटी मी माझ्या परीनं जे करता येईल ते केलं. माझं एक बटण खाली गेलं ते वर आलंच नाही.

मला घेऊन ती तपकीर गल्लीत गेली. तिथं एका बोळात मच्छिंद्रचं दुरुस्तीचं दुकान होतं, जेमतेम एक खाट मावेल एवढं. मच्छिंद्र मूळचा वाघोलीचा, दहावीला न बसलेला. पण पुण्यातली निम्मी मेलेली मशीनं त्यानं उठवली होती. त्यानं मला उलटं केलं, ठोकलं, माझ्यातून अर्धा चमचा साखर काढली.

“कुठल्या मशीनचा हाय?”

“मशीन नाहीये.”

“मग बटण अडकलं हे समजलं कसं?”

“दाबलं, वर आलं नाही.”

मच्छिंद्रनं हातातला ब्रश खाली ठेवला. “ताई, किती दिवस चाललंय हे?”

“तीन आठवडे.”

तो आधी हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यानं हसू आवरलं. “फोन न लावताच बोलत बसलाय तुम्ही,” तो म्हणाला. त्यानं माझी पिन टेबलावरच्या मशीनला जोडली. तीन आठवड्यांनी माझ्यात वीज आली. “टाका बघू काय टाकायचंय ते.”

प्रोग्रॅम चालवायला लागणारी क्लासची फ्लॉपी आम्रपालीकडे होती. तिनं तिचा पाठ झालेला, रोज बिनचूक होणारा प्रोग्रॅम टाइप केला. चालवला.

मला पडदा दिसत नव्हता. पण तिचं तोंड दिसत होतं. मच्छिंद्रनं मोठ्यानं वाचलं, “तेवीस एरर.”

तिनं माझ्यावरचे हात काढून घेतले. सवयीनं ती खुर्चीतून उठलीसुद्धा, पुढच्याला जागा द्यायला. मागे पुढचा कोणी नव्हता.

“उठता कशाला? बसा,” मच्छिंद्र म्हणाला. “तेवीस जागी बोट ठेवून सांगतंय बिचारं. आमच्या मास्तरनं एवढं सांगितलं असतं तर मी दहावी झालो असतो. मला ह्यातलं अक्षर कळत न्हाय. पण एक सांगतो. गल्लीत अंधार झाला की घराघरात बल्ब बदलत हिंडायचं नसतं. वायर पहिल्यांदा कुठं तुटलीय ते बघायचं. पहिली एरर कितव्या ओळीला हाय?”

“चौथ्या.”

“तेवढीच बघा.”

चौथ्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला होता. तिनं तो घातला, पुन्हा चालवला. तेविसाच्या चार झाल्या.

मी पुष्कळ तोंडं पाहिली आहेत. पण एकोणीस चुका एका बोटानं गेल्यावर माणसाच्या तोंडावर जे येतं, ते मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

पुण्यातली दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात. यावरून बाहेरगावची माणसं पुण्याला फार हसतात. हसू देत. त्या तीन तासांत मच्छिंद्र दुकानातच चटईवर आडवा व्हायचा आणि मशीन रिकामं असायचं. “बसा तुम्ही,” तो म्हणाला. “पण आईला घेऊन या. बाजारात लोकांना काम कमी नि तोंडं जास्त.”

दुसऱ्या दिवसापासून आम्रपालीची आई, चंपाबाई, तिच्याबरोबर येऊ लागल्या. शिक्षण सातवीपर्यंत. हातात ब्लाऊजची हुकं लावायचं काम. अर्ध्या उघड्या शटरपाशी स्टुलावर बसायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मच्छिंद्रला आपादमस्तक न्याहाळलं, त्याला भाकरी आणि खरडा दिला, आणि मग त्याच्याकडे बघणं बंद केलं.

मच्छिंद्रला प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. तरी आम्रपालीला ते शिकवलं त्यानंच, असं मी छातीठोकपणे म्हणतो. त्याची दुरुस्तीची एक रीत होती. बंद पडलेल्या मशीनचा एका वेळी एकच भाग बदलायचा आणि चालू करून बघायचं. नाही झालं, तर जुना भाग परत होता तिथं लावायचा आणि दुसरा बदलायचा.

“दोन भाग एकदम बदलले की मशीन चालू होतं कधीकधी,” तो चटईवरून डोळे मिटून सांगायचा. “पण मेला कोण होता ते कळत न्हाय. मग पुढच्या मशीनला पुन्हा तोच गोंधळ.”

आम्रपालीनं ती रीत उचलली. सरांचा सातवा प्रोग्रॅम, सर्वांत मोठ्या संख्येचा, तिनं घेतला. तो चालत होता. त्यातलं एकच चिन्ह बदललं आणि चालवला. सर्वांत लहान संख्या आली! ती खुर्चीत मागे रेलून हसली. वर्षभर पाठ केलेली ती ओळ नेमकी काय करते, हे तिला त्या चिन्हाच्या जागी कळलं. मग चाळीसऐवजी पाचच आकडे घेतले, म्हणजे उत्तर हातानंही काढून पडताळता येईल. मग प्रत्येक फेरीला मशीन मनात काय धरून बसलंय, ते पडद्यावर उमटवायला लावलं. नवव्या दिवशी दुसऱ्या क्रमांकाचे गुण आले. ती बोटांवर दिवस मोजत होती, म्हणून मला माहीत. त्या नऊ दिवसांत माझं पुसायचं बटण इतकं दाबलं गेलं, की त्याखालची स्प्रिंग सैल झाली.

नवीन शिकणाऱ्यानं सुरुवात कुठून करावी, असं मला विचाराल तर हेच सांगेन. चालत असलेलं काहीतरी छोटं घ्या. त्यातलं एक काहीतरी बदला. बदलण्याआधी काय होईल याचा अंदाज मनाशी बांधा. अंदाज चुकला, की तिथून शिकायला सुरुवात. एवढं सांगायला सोनेरी कड लागत नाही.

दुसरा महिना लागला, तसा तिनं घरातला प्रश्न घेतला : डेपोतला ड्युटी चार्ट. भीमराव तो दर शनिवारी पेन्सिलीनं लावत. बारा कंडक्टरांपासून सुरुवात करू, असं ती म्हणाली. नियम विचारायला तिनं वडिलांनाच एका दुपारी दुकानात आणलं.

“पप्पा, सुट्टी कोणाला कधी हे तुम्ही कसं ठरवता?”

“ते कळतं.”

“कसं कळतं?”

“अगं, वीस वर्षं करतोय.”

“मशीनला वीस वर्षं झालेली नाहीत. त्याला सांगा.”

“कामाच्या उताराप्रमाणं सुट्टी पुढं सरकवायची.”

“उतार म्हणजे?”

भीमराव चिडले. “तू डेपो मॅनेजर आहेस का?”

स्टुलावरून चंपाबाई म्हणाल्या, “अहो, पोरगी विचारतेय तर सांगा की नीट. लग्नात तुम्हाला उखाणा विचारला तेव्हा असेच गप्प बसला होतात.”

मग भीमराव सांगत गेले. आज संध्याकाळच्या पाळीला असलेला माणूस उद्या पहाटेच्या गाडीला लावायचा नाही. एकाच मार्गावरच्या दोघांना एका दिवशी सुट्टी नाही. प्रत्येक नियम सांगून झाल्यावर त्यांना आणखी एक आठवायचा आणि ते स्वतःच चकित व्हायचे. वीस वर्षं आपण काय काय करत होतो, हे त्यांना त्या दुपारी प्रथमच शब्दांत सापडत होतं.

आम्रपालीनं ते नियम टाइप केले आणि प्रोग्रॅम चालवला. पडद्याकडे बघून भीमराव मोठ्यानं म्हणाले, “गेनबाला सातही दिवस सुट्टी?”

“चुकलंय, पप्पा.”

“चुकलंय खरं. पण गेनबाला दाखवू नकोस, पाया पडेल तुझ्या.” आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ‘उठा, पुढचा’ असं त्यांनी म्हटलं नाही. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

तीन महिने भरले. चाचणीच्या दिवशी मी तपकीर गल्लीतच होतो, त्यामुळे पुढची हकीकत आम्रपालीनं संध्याकाळी दुकानात येऊन सांगितली तशी सांगतो.

या वेळचा प्रश्न ग्रंथालयाचा होता. पुस्तकं दिलेली, परत आलेली. महिन्याअखेर बाहेर किती ते काढा. वेळ दोन तास. दोन तास संपले तेव्हा आम्रपालीचा प्रोग्रॅम चुकीचं उत्तर देत होता. एक पुस्तक जास्त. तपासायला वैष्णवी नावाच्या मॅडम आल्या.

“हे चालत नाहीये,” त्या म्हणाल्या.

“हो, मॅडम. शेवटचं पुस्तक दोनदा मोजलं जातंय. मी तीनच पुस्तकं घेऊन पाहिलं. इथपर्यंत बरोबर आहे, हे पडताळलंय. पुढच्या दोन ओळींपैकी एकीत चूक आहे. कुठल्या, ते अजून माहीत नाही.”

“आधी एकदा येऊन गेला होता ना तुम्ही? तेव्हा कुठं अडलं होतं?”

“तेव्हा मला कुठं अडलंय हेसुद्धा सांगता आलं नव्हतं.”

मॅडमनी घड्याळ बघितलं. “दहा मिनिटं देते. मी इथंच उभी आहे.”

आम्रपालीनं दोहोंपैकी पहिली ओळ बदलली. चालवला. उत्तर तेच चुकीचं. मॅडम बघत असताना, निवड टांगणीला लागलेली असताना, तिनं दुसऱ्या ओळीला हात लावला नाही. आधी पहिली ओळ होती तशी परत केली. मग दुसरी बदलली. चालवला.

या वेळी उत्तर बरोबर आलं. “ती पहिली ओळ परत का केली?” मॅडमनी विचारलं.

“नाहीतर कोण मेला होता ते कळलं नसतं,” आम्रपालीच्या तोंडून निघून गेलं. आणि मग तिनं जीभ चावली.

हे सांगताना ती मच्छिंद्रकडे बघत होती. तो एका मशीनचं झाकण उघडून आत डोकं घालून बसला होता. बराच वेळ त्यानं ते बाहेर काढलं नाही.

“मग?” चंपाबाई म्हणाल्या. “घेतलं का नाही ते सांग आधी.”

“घेतलं, आई. एक तारखेपासून ये म्हणालेत.”

चंपाबाईंनी हातातला ब्लाऊज डोळ्यांना लावला. दुसऱ्याचा होता, हे नंतर लक्षात आलं.

त्याला आता वर्ष होत आलं. आम्रपाली खराडीला जाते, तिथं तिला माझ्यापेक्षा देखणा कीबोर्ड आहे. मला वाईट वाटत नाही. मच्छिंद्रनं चार मेलेल्या मशीनांतून एक जिवंत मशीन जोडून गुलटेकडीच्या घरी पोचवलं आणि मला त्याला लावलं. माझी चार बटणं सैल आहेत. माझ्यासारखी गोल पिन आता नव्या मशीनांना चालत नाही. हे मशीन गेलं की मीही गेलो, याची मला पूर्ण कल्पना आहे.

पण सध्या मी कामात आहे. दुपारी माझ्यासमोर चंपाबाई बसतात. दोन महिने स्टुलावर हुकं लावता लावता त्यांनी काय काय ऐकून ठेवलं होतं, ते कोणी विचारलंच नव्हतं. त्यांच्या चाळीत जिना धुण्याच्या पाळीवरून दर आठवड्याला भांडण होतं. आठ बिऱ्हाडं, एक जिना. ती पाळी मशीननं लावून द्यावी, असं त्यांच्या मनात आहे. लेकीनं ड्युटी चार्टमधला एक तुकडा काढून दिला आणि म्हणाली, “आई, यात एकेक बदल.”

बदलायला लागल्या आहेत. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत. चूक झाली की मशीन इंग्रजीतून बोलतं. सातवी शिकलेल्या बाईशी त्यानं इंग्रजीत का बोलावं, हा जाब मी ज्यानं त्याला बनवलं त्याला विचारणार आहे. चंपाबाई मात्र अडत नाहीत. त्या चालणारी ओळ आणि न चालणारी ओळ शेजारी शेजारी धरून टाका मोजावा तसं एकेक चिन्ह मोजतात.

जायच्या आधी माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात कोणी पहिल्यांदा माझ्यासारख्यासमोर बसलं असेल, ते आठ वर्षांचं असो की पन्नास वर्षांचं, तर त्याच्या पाठीमागं जाऊन उभे राहू नका. “अगं, तसं नाही,” म्हणू नका. हात घालून दुरुस्त करून देऊ नका. चूक तुमच्या डोळ्यांना आधी दिसेल, जीभ शिवशिवेल. तरी गप्प बसा. ती चूक त्यांची आहे. ती शोधण्याचा हक्कही त्यांचाच.

आत्ताही त्या बसल्या आहेत. मशीननं एक एरर दाखवली आहे. चंपाबाईंच्या कपाळावर आठी आहे, ओठ हलताहेत, बोट माझ्या एका कळीच्या वर अधांतरी थांबलंय. भीमराव पेपर खाली ठेवून उठले आहेत, मागे येऊन त्यांनी चष्मा लावलाय आणि त्यांना काय चुकलंय ते दिसलंय, असं त्यांचं तोंड सांगतंय.

भीमराव, हात जोडतो. बसा खाली.

तिला बघू द्या.